बधिर सहकाऱ्याशी बोलायचंय? आधी नजर, मग हात, मग मोबाइल

ऑफिसात नवा सहकारी रुजू होतो, सोसायटीत नवं बिऱ्हाड येतं, आणि कळतं की समोरच्याला ऐकू येत नाही. पुढचा प्रसंग जवळपास ठरलेला. आपण आवाज चढवतो, ओठ ताणून एकेक अक्षर सुटं बोलतो, हवेत काहीबाही हात फिरवतो आणि शेवटी खिशातून मोबाइल काढतो. दोन दिवस हे चालतं. मग मान हलवून 'नमस्कार' आणि 'बरं आहे ना' एवढ्यावर संबंध गोठतो. २०११च्या जनगणनेत देशात ५० लाखांहून अधिक लोकांची श्रवणदोष असल्याची नोंद झाली होती, म्हणजे असा प्रसंग कुणावरही येऊ शकतो.

हा लेख ऐकू येणाऱ्यांसाठी आहे. ओळख, चहा, काम, सुट्टी, 'उद्या उशिरा येतो' एवढं भारतीय सांकेतिक भाषेत बोलता यावं, हे पहिलं उद्दिष्ट. रोज थोडा वेळ दिला तर काही महिन्यांत ते जमतं. दुभाषी होणं हे वेगळं आणि पुष्कळ मोठं काम आहे, त्यात इथे शिरत नाही.

सुरुवातीला काय बाजूला ठेवायचं

हातवारे आपल्याला भरपूर येतात. वर्गात करंगळी वर केली की बाईंना कळतं, शाळेतली कट्टी-बट्टी बोटांवरच चालते. जनावरांच्या बाजारात हेडी, म्हणजे गुरांचे व्यापारी, आणि शेतकरी टॉवेलखाली हात घालून, बोटं दाबून बैलाचा भाव ठरवतात आणि शेजारी उभ्या असलेल्याला आकड्याचा पत्ता लागत नाही. पण टॉवेलखालच्या त्या खुणांनी फक्त आकडा सांगता येतो. 'मागच्या वर्षी हाच बैल तुझ्या भावाने मला का दिला नाही?' हे त्यांत विचारता येत नाही. सांकेतिक भाषेत येतं. तिला व्याकरण आहे, काळ सांगायची पद्धत आहे, टोमणे आहेत, विनोद आहेत. त्यामुळे 'हातवारे केले की समजेल' हा भरवसा पहिल्याच दिवशी सोडावा.

दुसरं, यूट्यूबवरचे अमेरिकन व्हिडिओ बंद करा. ते देखणे असतात, शोधल्यावर सगळ्यांत आधी तेच येतात, आणि तिथेच बहुतेकांची गाडी चुकीच्या रुळावर जाते. जगभर एकच सांकेतिक भाषा नाही. अमेरिकेतली मुळाक्षरं एका हाताची आहेत. आपल्याकडे प्रामुख्याने दोन हातांची चालतात आणि त्यांचं नातं ब्रिटिश मुळाक्षरांशी आहे. १९७०च्या दशकात दिल्ली, मुंबई, कोलकाता, बंगळूर इथल्या बधिर लोकांच्या खुणांचा अभ्यास झाला. तेव्हा दिसलं, की शहरागणिक शब्द बदलतात, पण भाषेची बांधणी सारखीच राहते. म्हणून मुंबईच्या मित्राने दाखवलेली खूण आणि कोशातली खूण वेगळी निघाली तर गोंधळू नका. समोरचा माणूस वापरतो ती आधी शिका.

तिसरं, ओठांवरून सगळं कळतं हा समज. 'पार', 'बार' आणि 'मार' हे शब्द आरशासमोर आवाज न काढता म्हणून पाहा. तिन्ही वेळा ओठ सारखेच मिटतात. 'क' आणि 'ग' तर घशाजवळच तयार होतात, बाहेरून काही दिसतच नाही. ओठवाचन करणारा माणूस अर्ध्याहून अधिक भाग संदर्भाने भरून काढत असतो, आणि दिवसभर ते करून दमतो. त्यात समोरच्याच्या मिशा जाड असल्या किंवा तोंडावर मास्क असला तर संपलंच.

आणि 'मुका' हा शब्द विसरा. 'बधिर' किंवा 'कर्णबधिर' म्हणा, किंवा सरळ नावाने हाक मारा. म्हणजे, मारता येणार नाही. म्हणून पुढची पायरी.

पायरी पहिली: नजर

शिकणारे हातांकडे पाहतात. बधिर माणूस तुमच्या चेहऱ्याकडे पाहतो आणि हात त्याला कडेच्या नजरेत दिसतात. तुम्हीही तसंच पाहायला शिका. सुरुवातीला हे फार अवघड जातं, कारण एखाद्याच्या चेहऱ्याकडे इतका वेळ टक लावून पाहणं आपल्याला उद्धटपणाचं वाटतं. इथे उलट आहे. बोलणं चालू असताना नजर फिरवणं म्हणजे ऐकताना कानात बोटं घालणं. मोबाइल वाजला तर आधी 'एक मिनिट' अशी खूण करा, मगच मान वळवा.

लक्ष वेधण्याच्या रीती सोप्या आहेत. जवळ असाल तर खांद्यावर किंवा दंडावर हलकेच दोनदा थोपटा. पाठीवर थाप मारू नका आणि मागून एकदम स्पर्श करू नका. लांब असाल तर त्याच्या नजरेच्या टप्प्यात हात हलवा. टेबलावर थाप मारली किंवा लाकडी जमिनीवर पाय आपटला तरी कंपन पोहोचतं. खोलीभर माणसं असतील तर दिवा एकदा बंद-चालू करतात. वस्तू फेकून लक्ष वेधणारे महाभाग असतात, त्यांच्यात जाऊ नका.

उजेड तुमच्या चेहऱ्यावर हवा. खिडकीला पाठ करून उभे राहिलात तर समोरच्याला फक्त काळी आकृती दिसते. हॉटेलात बसताना आधी बधिर मित्राला जागा निवडू द्या. तो बहुधा भिंतीला पाठ करून बसेल, म्हणजे सगळे दिसतात. चौघांपेक्षा जास्त माणसं असतील तर गोल बसा. तोंडात तोबरा असताना बोलू नका. दोन बधिर व्यक्ती पॅसेजमध्ये गप्पा मारत असतील तर मधून सरळ चालत निघून जा. वाकून, माफी मागत, थांबत गेलात तर उलट त्यांची दृष्टी जास्त वेळ अडते.

एक सवय मात्र मोडावीच लागते. आपण न कळताही मान डोलावतो. 'हं, हं' म्हणतो तशीच ही डोलावणी. समोरच्याला वाटतं, समजलं. कळलं नाही तर चेहऱ्यावर ते दिसू द्या आणि 'पुन्हा' ही खूण करा. ही खूण पहिल्याच दिवशी शिका, ती सगळ्यांत जास्त वापरात येईल.

पायरी दुसरी: बोटांवरची अक्षरं

नावं, गावं, औषधं, कंपन्या यांच्यासाठी अक्षरं लागतात. सरावात मुख्यतः इंग्रजी अक्षरं चालतात, मराठी माध्यमात शिकलेल्यांतही. दोन हातांच्या पद्धतीत स्वर डाव्या हाताच्या पाच बोटांच्या टोकांवर असतात: अंगठ्यावर ए, तर्जनीवर ई, मधल्या बोटावर आय, अनामिकेवर ओ, करंगळीवर यू. उजव्या तर्जनीने त्या-त्या टोकाला स्पर्श करायचा. डावखुऱ्यांनी हात उलटे वापरावेत, त्यात काही चूक नाही. हे पाच स्वर दहा मिनिटांत बसतात आणि मग हुरूप येतो.

इंटरनेटवर फिरणाऱ्या तक्त्यांपासून सावध राहा. त्यांत काही अक्षरं एका हाताची, काही दोन हातांची अशी सरमिसळ असते, आणि बरेच तक्ते संगणक-प्रकल्पांसाठी कुणीतरी घाईत काढलेल्या फोटोंवरून आलेले असतात. दिल्लीच्या भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्राचा व्हिडिओ पाहून प्रत्येक अक्षर ताडून घ्या.

सराव कसा करायचा? लोकलमधून जाताना स्टेशनांच्या पाट्या मांडीवर बोटांनी लिहीत जा. वेगाच्या मागे लागू नका, हात एका जागी स्थिर ठेवा. नवशिके प्रत्येक अक्षराला हात पुढे ढकलतात, त्याने वाचणाऱ्याच्या डोळ्यांना त्रास होतो. आणि वाचताना एकेक अक्षर न पकडता शब्दाचा आकार पकडायचा प्रयत्न करा. स्वतः अक्षरं करणं लवकर येतं, दुसऱ्याची वाचणं खूप उशिरा येतं.

पुढे कधीतरी तुम्हाला खुणेतलं नाव मिळेल. गालावरची खळी, कुरळे केस, चष्मा वर सरकवायची लकब अशा कशावरून तरी बधिर मित्र ते ठेवतात. स्वतःचं नाव स्वतः ठेवायचं नसतं. मिळेपर्यंत अक्षरांनी भागवा.

पायरी तिसरी: आपल्या कामाचे चाळीस शब्द

वर उल्लेख केलेलं केंद्र २०१५ मध्ये स्थापन झालं. त्याच्या कोशाची पहिली आवृत्ती २०१८ मध्ये ३,००० शब्दांची होती, २०२१च्या तिसऱ्या आवृत्तीत शब्द १०,००० झाले. त्यावर आधारलेलं 'साइन लर्न' हे मोबाइल अॅप २०२२ मध्ये आलं. त्यात हिंदी किंवा इंग्रजी शब्द टाकून खुणेचा व्हिडिओ पाहता येतो. मराठी शब्द टाकून सापडलं नाही तर 'रजा' शोधायला हिंदी 'छुट्टी'च्या दाराने जा.

कोश अ-पासून पाठ करू नका. एका दिवसात तुम्ही त्या माणसाशी खरोखर काय बोलाल, त्याची यादी मराठीत लिहा. ऑफिस असेल तर काम, संपलं, बाकी, मीटिंग, वेळ, उद्या, काल, साहेब, डबा, चहा, पगार, रजा, बरं नाही, मदत, समजलं, समजलं नाही, पुन्हा, हळू. सोसायटी असेल तर पाणी, टँकर, लिफ्ट, वॉचमन, पार्सल, मुलं, आवाज, गणपती, वर्गणी. रोज पाचच्या वर घेऊ नका. मोबाइलने स्वतःचा व्हिडिओ काढा आणि मूळ व्हिडिओशेजारी ठेवून पाहा. हाताचा आकार, हाताची जागा, हालचाल आणि तळव्याची दिशा या चारांपैकी एक जरी चुकली तरी शब्द बदलू शकतो.

पायरी चौथी: वाक्य

इथे मराठी माणसाला थोडा फायदा आहे. आपल्या भाषेत क्रियापद शेवटी येतं, सांकेतिक भाषेतही साधारणपणे तसंच. पण विभक्तीचे प्रत्यय, 'आहे-होता' हे सगळं तिथे नाही. काळ आधी सांगून टाकायचा: 'काल', 'पुढच्या आठवड्यात', मग बाकीचं. नकार शेवटी येतो, सोबत मान हलते. प्रश्नशब्दही शेवटी. 'तू कुठे राहतोस?' याची मांडणी 'तू राहणं कुठे' अशी होते.

प्रश्नशब्दांची गंमत आहे. या भाषेत 'काय, कोण, कुठे' यांच्यामागे मुळात एकच प्रश्नखूण आहे आणि तिला जोड लावून अर्थ नेमका करतात. चेहरा आणि प्रश्न म्हणजे कोण, जागा आणि प्रश्न म्हणजे कुठे, संख्या आणि प्रश्न म्हणजे किती. ही एक खूण आली की निम्मे प्रश्न विचारता येतात.

'हो-नाही'चे प्रश्न मात्र चेहऱ्यावरच उभे असतात. 'तू जेवलास' आणि 'तू जेवलास?' यांत हात तेच. प्रश्नात भुवया वर जातात, डोळे मोठे होतात, मान किंचित पुढे येते. आपण मराठीत आवाज चढवून जे करतो ते इथे भुवया करतात. कोरा चेहरा ठेवून बोललात तर समोरच्याला तुमचा प्रश्न विधान वाटेल आणि तो उत्तर न देता पुढच्या वाक्याची वाट पाहील. शिकवणाऱ्यांचा अर्धा जीव विद्यार्थ्यांचे चेहरे हलवण्यातच जातो, विशेषतः पुरुषांचे.

मग जागेचा वापर. सुरेश इथे उजवीकडे, मीनल तिथे डावीकडे असं एकदा ठरवलं की पुढे नाव न घेता त्या-त्या दिशेला बोट दाखवायचं. 'देणं' किंवा 'मदत करणं' अशा क्रियापदांचा हात करणाऱ्याकडून घेणाऱ्याकडे सरकतो. उजवीकडून डावीकडे गेला तर सुरेशने मीनलला दिलं, उलटा गेला तर मीनलने सुरेशला. कर्ता, कर्म आणि क्रिया एकाच हालचालीत. पुस्तकातून हे कळत नाही, म्हणून आता माणूस हवा.

पायरी पाचवी: बधिर शिक्षक शोधा

ऐकू येणाऱ्याकडून शिकलात तर तुम्ही दोघंही नकळत तोंडाने बोलू लागाल आणि हात मागे पडतील. बधिर शिक्षकासमोर ती पळवाट उरत नाही. मुंबईत वांद्रे रेक्लमेशनला अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे. ती १९८३ पासून श्रवणदोषाच्या क्षेत्रात काम करते आणि तिथे सांकेतिक भाषेचं प्रशिक्षणही चालतं. दिल्लीच्या केंद्राचा घरबसल्या करायचा प्राथमिक अभ्यासक्रमही आहे. मोठ्या शहरांतल्या बधिरांच्या संघटना वर्ग घेतात. २३ सप्टेंबरला आंतरराष्ट्रीय सांकेतिक भाषा दिन असतो, त्या आठवड्यातल्या कार्यक्रमांत ओळखी होतात. शिक्षकाला फी द्या. 'आपल्या भाषेचा प्रचार होतोय' म्हणून फुकट शिकवण्याची अपेक्षा त्यांच्याकडून वारंवार केली जाते आणि ती त्यांना आवडत नाही.

ज्यांची शाळा १५-२० वर्षांपूर्वी झाली असे बरेच बधिर लोक बोलण्यावर आणि ओठवाचनावर भर देणाऱ्या शाळांत वाढले. वर्गात खुणा केल्या की रागावणारे शिक्षक असत. भाषा मिळाली ती मधल्या सुट्टीत आणि वसतिगृहात. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सांकेतिक भाषेचं प्रमाणीकरण आणि तिच्यात अभ्याससाहित्य तयार करणं यांचा उल्लेख आला, म्हणजे किती उशिरा ते पाहा. त्यामुळे प्रत्येक बधिर माणसाला ही भाषा सारखीच येते असं धरू नका. उतारवयात ऐकू येईनासं झालेल्या आजोबांना ती बहुधा येतच नाही, त्यांच्याशी समोर बसून सावकाश बोलणं आणि लिहिणं हेच बरं. आधी विचारा: 'खुणा, लिहिणं की बोलणं?'

मोबाइल कुठे उपयोगी, कुठे नाही

गूगलचं 'लाइव्ह ट्रान्सक्राइब' अँड्रॉइड फोनवर बोललेलं अक्षरांत उमटवतं आणि त्याला मराठी येतं. सेटिंगमध्ये पहिली भाषा मराठी आणि दुसरी हिंदी किंवा इंग्रजी ठेवा, कारण आपण एका वाक्यात तिन्ही बोलतो. फोन बोलणाऱ्याच्या तोंडाजवळ, पडदा बधिर व्यक्तीकडे. एका वेळी एकानेच बोलायचं. पंखा, मिक्सर, रस्ता या आवाजांत अॅप बावचळतं आणि आडनावांचा तर पार भुगा करतं, म्हणून नावं नि आकडे टाइप करून दाखवा. वाक्यं लहान ठेवा. अनेक बधिरांसाठी लिहिलेली मराठी ही दुसरी भाषा असते. 'सदर बाब विचाराधीन आहे' हे ऐकणाऱ्यांनाही कळत नाही, तिथे त्यांनी का सोसावं?

बधिर लोकांच्या रोजच्या आयुष्यात खरी उलथापालथ केली ती साध्या व्हिडिओ कॉलने. तुम्ही करणार असाल तर फोन टेकवून ठेवा, दोन्ही हात मोकळे हवेत. डोक्यापासून कमरेपर्यंत दिसलं पाहिजे. उजेड समोरून. अंगात त्वचेच्या रंगाहून वेगळा, बिनचित्राचा सदरा. मागची पार्श्वभूमी धूसर करणारी सोय बंद ठेवा, ती हलणारी बोटं गिळते. नेट कमकुवत असेल तर बाकीच्यांचे कॅमेरे बंद करायला सांगा.

ऑनलाइन मीटिंगमध्ये आणखी एक अडचण येते. बहुतेक अॅप्स ज्याचा आवाज येतो त्याला मोठं दाखवतात. हातांनी बोलणारा कोपऱ्यातच राहतो. यजमानाने त्याला आणि दुभाष्याला आधीच पिन करून ठेवावं. झूममध्ये दुभाष्यासाठी वेगळी खिडकी मिळते, पण ती मीटिंगच्या आधी सेटिंगमधून चालू करावी लागते.

अॅपलच्या नव्या आयफोन-मॅकवर तर वेगळीच करमणूक आहे. २०२३च्या आयओएस १७ आणि मॅकओएस सोनोमापासून कॅमेऱ्यासमोर दोन्ही अंगठे वर केले की पडद्यावर फटाके उडतात, दोन बोटांचा 'व्ही' केला की फुगे. सांकेतिक भाषेत बोलणाऱ्याचे हात असे आकार सहज घेऊ शकतात. दुखवट्याच्या कॉलवर फुगे उडायला नको असतील तर व्हिडिओ सुरू असताना कंट्रोल सेंटरमधल्या, किंवा मॅकच्या वरच्या पट्टीतल्या, व्हिडिओच्या पर्यायात जाऊन हातांच्या खुणांवरच्या या प्रतिक्रिया बंद करा.

राहिले 'खुणांचं भाषांतर करणारे' हातमोजे आणि अॅप्स. दरवर्षी कुठल्यातरी इंजिनीअरिंग कॉलेजातून त्यांची बातमी येते. अमेरिकेत २०१६ मध्ये वॉशिंग्टन विद्यापीठातल्या दोन विद्यार्थ्यांच्या अशाच हातमोज्यांना बक्षीस मिळालं, तेव्हा भाषातज्ज्ञांनी आणि बधिर लोकांनी जोरदार आक्षेप घेतला, कारण हातमोज्याला भुवया दिसत नाहीत. कॅमेऱ्याची वाट अधिक बरी आहे. गूगलच्या 'मीडियापाइप'सारखी साधनं एका हातावरचे २१ बिंदू टिपतात. भारतीय खुणांचा 'इन्क्लूड' नावाचा २०२०चा खुला संग्रह २६३ शब्दांचा आहे. पण सुटे शब्द ओळखणं वेगळं आणि सलग बोलणं समजणं वेगळं. कुणी असं अॅप दाखवायला आणलं तर 'तू जेवलास' आणि 'तू जेवलास?' हे दोन्ही करून दाखवा, काय उत्तर येतं ते बघा. विद्यार्थ्यांनो, प्रकल्प करायचाच असेल तर बधिर माणसाला पहिल्या दिवसापासून गटात घ्या. उद्घाटनाच्या फोटोपुरतं बोलावू नका.

दुभाषी बोलावताना

दवाखाना, पोलीस ठाणे, न्यायालय, नोकरीची मुलाखत इथे तुमचे चाळीस शब्द बाजूला ठेवा आणि प्रशिक्षित दुभाषी बोलवा. २०२३च्या सप्टेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयात बधिर वकील सारा सनी दुभाष्याच्या साहाय्याने कामकाजात सहभागी झाल्या. म्हणजे ही सोय करता येते, कुणीतरी मनावर घ्यावी लागते. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ सांकेतिक भाषेची दखल घेतो, त्याचा आधार पत्रात लिहा.

दुभाषी बोलणाऱ्याच्या शेजारी उभा राहतो, म्हणजे दोघंही एका नजरेत येतात. तुम्ही मात्र बधिर व्यक्तीकडे पाहून बोला. 'त्यांना सांगा की...' अशी सुरुवात करू नका, सरळ 'तुम्हाला कधीपासून दुखतंय?' असं विचारा. साधारण अर्ध्या तासाने दुभाष्याची एकाग्रता ढळू लागते, म्हणून लांब कार्यक्रमाला दोघं हवेत, आलटून पालटून. भाषणाची प्रत, पाहुण्यांची नावं, म्हणायचे अभंग किंवा कविता दोन दिवस आधी पाठवा. मंचावर अंधार करून फक्त वक्त्यावर प्रकाशझोत टाकायची हौस असेल तर दुसरा झोत दुभाष्यावर टाका.

दवाखान्यात घरच्या लहान मुलाला दुभाषी करू नका. आईच्या गर्भाशयातल्या गाठीबद्दल आठ-दहा वर्षांच्या मुलीने आईला सांगावं, अशी वेळ आपल्याकडे अजून येते. ठरलेली तपासणी असेल तर दुभाष्याची वेळ आधी घ्या आणि मगच डॉक्टरांची. तातडीचं असेल तर व्हिडिओ कॉलवर दुभाषी जोडा, फोन सलाइनच्या स्टँडला बांधा, आणि रुग्णाचा किमान एक हात मोकळा ठेवा. सलाइनची सुई कुठल्या हातात टोचायची, हे टोचण्याआधी त्या रुग्णाला विचारायला नर्सना सांगून ठेवा.